जुना चेनसॉ घेताना: किती सीसी आणि किती इंची बार?

कोकणात आंबा-काजूची बाग सांभाळणारा माणूस जुना चेनसॉ शोधू लागला की साधारणपणे तीन पर्याय समोर येतात: नामांकित कंपनीचे 30 ते 35 सीसीचे लहान यंत्र, तशाच कंपनीचे 45 सीसीच्या आसपासचे मध्यम यंत्र आणि अंगावर 58 सीसीचे स्टिकर व पुढे 22 इंची बार असलेले, फारसे न वापरलेले चिनी बनावटीचे यंत्र. नजर आधी तिसऱ्याकडे जाते, कारण त्याचा बार, म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती पुढची चपटी पट्टी, सर्वांत लांब असतो. मात्र बार हा बदलता येणारा भाग आहे आणि किती लांबीचा बार पेलेल हे इंजिन ठरवते. त्यामुळे लांबी पाहून यंत्र निवडणे म्हणजे उलट्या टोकाने सुरुवात करणे होय.

गरज मोजण्याची रीत सोपी आहे. बागेत नेहमी कापाव्या लागणाऱ्या खोडांचा व फांद्यांचा घेर टेपने मोजून त्याला 3.14 ने भागावे. 44 इंच घेराच्या खोडाचा व्यास 14 इंच भरतो, आणि त्यात दोन इंच मिळवले की 16 इंची बार पुरतो. वर्षाकाठी एखादे त्याहून जाड झाड पडले, तर सराव असलेला माणूस ते दोन्ही बाजूंनी कापून त्याच बारने मोकळे करू शकतो. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळासारख्या प्रसंगासाठी कायम 22 इंची बार बाळगण्यापेक्षा त्या वेळी मोठे यंत्र भाड्याने आणणे शहाणपणाचे ठरते.

लहान यंत्रांत स्टिल (Stihl) या कंपनीचे एमएस 180 हे नमुन्यादाखल घेता येईल. 31.8 सीसीच्या या यंत्राला 14 इंची बार शोभतो, 16 इंची चालतो, त्यापुढे मात्र कठीण लाकडात चेन अडखळू लागते. काजूची छाटणी, वाळलेल्या फांद्या आणि सरपण एवढेच काम असेल तर याहून अधिक काही नको. मध्यम गटातले त्याच कंपनीचे एमएस 250 हे 45.4 सीसीचे असून ते 16 इंची बारवर मोकळेपणाने आणि 18 इंचीवर समाधानकारक चालते. ऐन किंवा सुरूसारखे कठीण लाकूड वारंवार कापणाऱ्याने त्यावर 16 इंचीच ठेवावा. चिनी यंत्राच्या स्टिकरवरचा सीसीचा आकडा पुष्कळदा फुगवलेला असतो, त्यामुळे त्यावरचा 22 इंची बार उतरवून 18 इंची लावला तरच त्याची खरी कुवत कामी येते. त्याचे सुटे भाग स्वस्त आहेत, हा त्याचा मोठा गुण. 70 सीसीच्या पुढची यंत्रे लाकूडतोडीचा धंदा करणाऱ्यांसाठी सोडून द्यावीत.

लांब बारचे तोटे केवळ ताकदीपुरते नाहीत. चेन लांब झाली की कानस मारायचे दात वाढतात, तेल जास्त लागते आणि यंत्राचा तोल पुढे झुकून मनगट लवकर थकते. शिवाय टोकाच्या वरच्या भागाला लाकूड लागले की बार उसळून अंगावर येतो. लांब बारचे टोक फांद्यांच्या गर्दीत नजरेआड राहत असल्याने हा धोका छाटणीत अधिक संभवतो.

बार बदलताना इंच जुळले म्हणजे सारे जुळले असे नव्हे. चेनचा पिच (कड्यांमधले अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या आतल्या कड्यांची जाडी) आणि त्या आतल्या कड्यांची संख्या हे तीन आकडे बहुधा बारच्या मागील टोकाजवळ कोरलेले असतात. पिच स्प्रॉकेटशी, म्हणजे चेन फिरवणाऱ्या इंजिनाकडच्या दातेरी चाकाशी, व बारच्या टोकाच्या चाकाशी, तर गेज बारच्या खाचेशी जुळलाच पाहिजे.

आता यंत्राची तपासणी. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे की यंत्र थंड असताना पाहायचे आहे, कारण तापवून ठेवलेले दुबळे इंजिनही पटकन सुरू होते. स्विच बंद ठेवून यंत्र दोरीच्या मुठीला धरून लोंबकळू द्यावे. ते थांबत-थांबत खाली आले तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, शाबूत आहे, सरळ घसरले तर नाही. दोरी ओढणे सोपे व्हावे म्हणून हा दाब सोडणारे डीकॉम्प्रेशनचे बटण असल्यास ते दाबलेले नसल्याची आधी खात्री करावी. त्यानंतर सायलेन्सर काढून टॉर्चच्या उजेडात पिस्टन पाहावा. ही पाच-दहा मिनिटे ज्याला द्यायची नसतील त्याने नवे यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले, तर पेट्रोलमध्ये ऑईल न घालता किंवा फार कमी घालून यंत्र चालवले असण्याची दाट शक्यता असते, आणि अशा यंत्रावर घासाघीस करण्यातही अर्थ नाही.

सुरू केल्यावर मंद गतीत चेन फिरता कामा नये, चेन ब्रेक तत्काळ लागला पाहिजे आणि बारचे टोक कोरड्या पुठ्ठ्यासमोर धरून वेग वाढवला असता त्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. मंद गती आपोआप वर-खाली होत असेल, तर कुठून तरी हवा शिरत असल्याचा संशय घ्यावा. इंधनाची नळी व कार्बोरेटरचा पडदा कडक झाला असेल, तर तो खर्च किरकोळ असतो. झिजलेला बार, चेन आणि स्प्रॉकेट यांचा खर्च मात्र किमतीतून वजा करून मागावा.

पिस्टन स्वच्छ असलेले 45 सीसीचे यंत्र झिजलेल्या बारसह मिळत असेल आणि शेजारी कोऱ्या 22 इंची बारचे चिनी यंत्र असेल, तर मिश्र बागेसाठी मी पहिले घेऊन त्यावर नवा 16 इंची बार चढवीन. ज्याच्या गावाजवळ नामांकित कंपनीच्या यंत्रांचा दुरुस्ती करणारा नाही आणि ज्याचे काम वर्षातून आठवडाभराचेच आहे, त्याला 18 इंची बार लावलेले चिनी यंत्र अधिक सोयीचे पडेल.