सांगलीत घटपर्णी: रोप जरूर घ्यावे, सोबतची चिठ्ठी मात्र बाजूला ठेवावी

सांगली-मिरज रस्त्यावरील एका मोठ्या रोपवाटिकेत सध्या घटपर्णी या कीटकभक्षी वनस्पतीची रोपे टांगत्या कुंड्यांतून विक्रीला ठेवलेली दिसतात. चार-पाच लोंबते घट (पानांच्या टोकाला येणाऱ्या, किडे पकडणाऱ्या पिशव्या) असलेल्या एका रोपाला मी ४५० रुपये मोजले. आता त्याने पावसाळा, थंडी आणि सांगलीचा कडक उन्हाळा असे सारे ऋतू आमच्या पूर्वेकडील गॅलरीत काढले आहेत, तेव्हा त्या रोपाविषयी आणि ते विकण्याच्या पद्धतीविषयी काही नेमके सांगता येईल.

प्रथम निवडीबद्दल. कुंडीवर जातीचे नाव नव्हते, परंतु कंबरेत आवळलेले, तांबूस छटेचे घट पाहता हे व्हेंट्राटा असावे. फिलिपिन्समधील व्हेंट्रिकोसा आणि अलाटा या घटपर्णीच्या दोन जातींच्या संकरातून आलेले हे रोप जगभर सर्वाधिक विकले जाते आणि नवख्या माणसासाठी तेच योग्य आहे. घटपर्णीच्या उंच डोंगरांवरील जातींना रात्री चांगला गारवा लागतो आणि तो मे महिन्यात सांगलीत कोणत्याही उपायाने मिळणार नाही. व्हेंट्राटा त्या बाबतीत हट्ट धरत नाही. एखादी दुर्मीळ आणि महागडी जात आणून ग्राहकाच्या गळ्यात मारण्याऐवजी रोपवाटिकेने हे रोप आणले, ही गोष्ट मला मनापासून आवडली. रोपही निरोगी होते: पाने टणक, बुंध्याशी नवे फुटवे आणि पानांच्या मागे पिठ्या ढेकणाचा मागमूस नाही. घटांतील द्रव सांडू नये म्हणून कुंडी खोक्यात उभी बसवून दिली, हेही नोंदवण्यासारखे आहे.

खरी अडचण कुंडीला बांधलेल्या चिठ्ठीत आहे. ‘रोज पाणी द्या, महिन्यातून एकदा खत द्या, घरातील डास खाते’ असे तिच्यावर छापले आहे. पाणी कोणते द्यावे, याविषयी मात्र एक शब्दही नाही, आणि या रोपाचे जगणे-मरणे सर्वाधिक त्यावरच अवलंबून असते. घटपर्णी ही निकस जमिनीतील वनस्पती आहे. मातीतून न मिळणारे नत्र ती घटात पडलेल्या किड्यांतून मिळवते आणि तिच्या मुळांना क्षार सोसत नाहीत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्यावरील पातळ मातीत दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती वाढतात, त्यामागेही मातीचे हेच दारिद्र्य आहे. कृष्णाकाठी ज्यांच्या उसाच्या रानाला क्षारपडीने ग्रासले आहे, त्यांना साचत जाणाऱ्या क्षारांचा परिणाम वेगळा समजावून सांगायला नको. कुंडीत तोच प्रकार फार कमी वेळात घडतो. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण, मीटरवर ८०० पीपीएमच्या पुढे दिसतो. घटपर्णीसाठी तो ५०च्या आत असलेला उत्तम, आणि १००च्या वर जाऊ देऊ नये. पावसाचे पाणी गच्चीवर पिंपात साठवले तर प्रश्नच उरत नाही. आरओचे पाणीही चालते, मात्र अनेक यंत्रांत चवीसाठी क्षार पुन्हा मिसळण्याची सोय असते, म्हणून ते मोजूनच वापरावे. दोन्ही नसेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड पाणी कॅनमध्ये मिळते. टीडीएस मीटर काही शे रुपयांना येतो. द्राक्षबागायतदारांच्या घरी तो बहुधा असतोच.

रोप ज्या मिश्रणात दिले जाते तेही बदलावे लागते. कुंडीत नुसते कोकोपीट होते आणि त्यात हळूहळू विरघळणाऱ्या खताचे पिवळे दाणे घातलेले होते. नारळाच्या सोडणापासून केलेल्या कोकोपीटमध्ये मुळातच क्षार असतात, त्यामुळे ते वारंवार भिजवून आणि पिळून घेतल्याशिवाय या रोपाला वापरू नये. मी लांब धाग्यांचे स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचे शेवाळ) आणि परलाइट (मिश्रण भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) निम्मे-निम्मे घेऊन रोप पुन्हा लावले. हे मॉस त्याच रोपवाटिकेत ऑर्किडच्या मांडणीवर विकायला होते, तरी घटपर्णीच्या गिऱ्हाईकाला ते कोणी सुचवत नाही, याचे नवल वाटते. मिश्रण सतत ओलसर असावे, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, मुळे कुजतात.

घरी आणल्यावर काही आठवड्यांत जुने घट झाकणापासून तपकिरी होऊन वाळतात आणि बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात. रोप दमट पॉलीहाऊसमधून कोरड्या हवेत आलेले असते, त्यामुळे हे अपेक्षितच आहे. वाळलेला घट कापावा, हिरवे पान ठेवावे, आणि रोपाची प्रकृती नव्या पानावरून जोखावी. पानाच्या टोकाचा तणावा लांबून त्याच्या शेवटी घट फुगतो. हवा कोरडी असली किंवा उजेड अपुरा पडला तर ते टोक तसेच सुकून जाते. आमच्याकडे जून ते ऑक्टोबर बहुतेक प्रत्येक नव्या पानाला घट आला, मार्च ते मे मात्र एकही आला नाही, जरी पाने येत राहिली. पन्नास टक्के सावलीची शेडनेट, सकाळचे कोवळे ऊन आणि कुंडीभोवती इतर झाडांची दाटी एवढ्यावर रोप तगले. दुपारचे पश्चिमेचे ऊन पाने करपवते.

डासांच्या दाव्याविषयी थोडक्यात सांगायचे तर त्या भरवशावर हे रोप कोणी घेऊ नये. घटाच्या कडेवरील मधाला भुलून मुख्यतः मुंग्या येतात, ओल्या कडेवरून घसरतात आणि आतील पाचक द्रवात बुडतात. रानातील घटपर्णींच्या घटांत तर काही जातींच्या डासांच्या अळ्या सुखाने वाढतात! मांसाचे तुकडे किंवा पनीर घालण्याची हौसही टाळावी, घट सडतो.

विक्रीनंतरच्या माहितीबाबत मात्र रोपवाटिका उणी पडते. खत का द्यायचे, असे विचारल्यावर ‘सगळ्याच झाडांना देतात’ असे उत्तर मिळाले. मेघालयातील खासियाना ही भारतात नैसर्गिकपणे आढळणारी घटपर्णीची एकमेव जात. ती मागवून देऊ, असेही तिथे सांगण्यात आले. ती धोक्यात आलेली असून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे ती घेताना रोप बियांपासून किंवा ऊतीसंवर्धनातून वाढवलेले आहे, रानातून उपटलेले नाही, याची लेखी खात्री मागावी. मला तशी खात्री मिळाली नाही, म्हणून मी ते रोप मागवले नाही.

व्हेंट्राटा मात्र ४५० रुपयांत वाजवी आहे. मॉस, परलाइट आणि मीटर धरून खर्च साधारण दुप्पट होतो, तो आधीच हिशेबात घ्यावा. खरेदी जूनच्या पहिल्या पावसानंतर करावी, म्हणजे रोपाला रुळायला चार दमट महिने मिळतात. एप्रिल-मेमध्ये दुकानात घट कितीही आकर्षक दिसले तरी घेऊ नये, आणि ज्यांच्या घरी फक्त बोअरचे पाणी आहे व पावसाचे साठवायला जागा नाही, त्यांनी हा नाद न केलेलाच बरा.