बेळगावचं जुगार सोडवण्याचं समुपदेशन केंद्र: वीस महिन्यांचा आमच्या घराचा अनुभव

पाचपैकी चार तारे देते. एक तारा का कापला ते पुढे सांगते. ज्यांच्या घरी हे चालू आहे आणि जावं की नको एवढंच ज्यांना कळायला हवंय, त्यांच्यासाठी आधीच लिहिते: जा. आणि नवऱ्याला किंवा पोराला एकट्याला पाठवू नका, स्वतः बरोबर जा.

केंद्राचं नाव आणि पत्ता इथे घालत नाही. रविवारच्या बैठकीला बसणाऱ्या सगळ्यांनी एकमेकांना तसा शब्द दिलाय. बेळगाव काही एवढं मोठं गाव नाही, दारात कुणाची स्कूटर उभी आहे त्यावरून माणसं ओळखतात. मला ह्या केंद्राचं कळलं 14416 ह्या फोन नंबरवरून. ही टेलि-मानस नावाची सरकारी सेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फोनला पैसे पडत नाहीत. फेब्रुवारी 2024 मध्ये एका रात्री साडेअकराला मोरीचं दार आतून लावून मी तो नंबर फिरवला. पलीकडची बाई मराठीत बोलली. मी रडत होते तेवढा वेळ ती थांबली, आणि मग पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही आज जेवलाय काय?" मी जेवले नव्हते.

आम्ही निपाणीचे, म्हणजे सीमेच्या कर्नाटकाकडचे. हे कागलच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. मी घरात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, अजून विड्या वळतात. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती.

ह्यांचा मटका लग्नाआधीपासूनचा. ओपन-क्लोजची चिठ्ठी, दहा-वीस रुपयांची. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला त्यात काही वाटत नव्हतं, आमच्या गल्लीत निम्मे बाप्ये लावायचे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये फोनवर रमी आली आणि आकडा बदलला. ऑक्टोबर 2021 मध्ये कर्नाटकानं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. पण ह्यांची ड्युटी महाराष्ट्रात. कोगनोळीचा टोलनाका गेला, दूधगंगेचा पूल ओलांडला की त्या फोनवर रमी परत सुरू. ड्युटी सुटल्यावर हे कागलच्या स्टँडवर दोन-दोन तास बसून राहायचे आणि मी इकडे ओव्हरटाइम समजून भाकरी झाकून ठेवायचे. 14 फेब्रुवारी 2022 ला हायकोर्टानं त्या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली आणि रमी पुन्हा आमच्या अंथरुणात आली.

शेवटी कशानं पाणी डोक्यावरून गेलं तर आत्तींच्या गृहलक्ष्मीच्या, म्हणजे कर्नाटक सरकार घरच्या कर्त्या बाईला महिन्याला देतं त्या दोन हजारांनी. त्यांच्या खात्याला नंबर ह्यांच्याच मोबाइलचा. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला आणि अकराव्या मिनिटाला गेल्याचा. आत्तींनी त्या पैशातून चष्मा करायचा ठरवलं होतं.

बेळगावच्या आधी आम्ही एका दुसऱ्या ठिकाणी गेलो होतो, त्याचं नाव घेत नाही. तिथे म्हणाले, तीन महिने आत ठेवतो, पंचेचाळीस हजार भरा, घरच्यांनी भेटायला यायचं नाही. माणूस बघितला नाही, विचारपूस केली नाही, आधी रक्कम. भाऊजी भरायला तयार होते. मी नको म्हटलं. नोकरी गेली असती तर जुगारापेक्षा मोठा खड्डा पडला असता.

आता बेळगावचं सांगते.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांना पाऊण तास एकट्याला घेतलं, मग मला आत बोलावलं. त्यांनी एक गोष्ट अगदी साधेपणानं सांगितली. दारूचं जसं व्यसन तसं हेही, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला जागा आहे, 2013 पासून अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या यादीतही ते व्यसनांच्या रांगेत घातलंय. अंगात काही जात नाही, तोंडाला वास येत नाही, म्हणून घरच्यांना उशिरा कळतं. सतत हरणाऱ्या माणसाला मधूनच एकदा पैसे मिळतात, आणि ते कधी मिळतील ते ठरलेलं नसतं. त्या न ठरलेल्या वेळेचीच ओढ लागते. आकडा एका घरानं चुकला तर मेंदूला तो हरल्यासारखा वाटत नाही, जवळ आल्यासारखा वाटतो. मग गेलेले पैसे परत मिळवायला आणखी लावायचे. हे ऐकताना ह्यांनी मान वर केली. चार वर्षं जे ह्यांना सांगता आलं नव्हतं ते कुणीतरी बोलत होतं.

मग डॉक्टरांनी माझ्यासमोर विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? हे बराच वेळ गप्प राहिले आणि होय म्हणाले. दोनदा आलं होतं. मी त्या खोलीत बसून होते आणि मला माहीत नव्हतं. घरी मी ह्यांच्या खिशातल्या चिठ्ठ्या शोधत होते. त्या एका प्रश्नासाठी मी त्या डॉक्टरांना जन्मभर मानीन. पहिले तीन महिने उदासीची गोळी दिली, नंतर हळूहळू बंद केली. जुगार सोडवायची म्हणून वेगळी गोळी आम्हाला दिली नाही. काहींना ओढ कमी व्हायला देतात, पण मुख्य काम बोलण्याचं, असं स्पष्ट सांगितलं.

ते बोलण्याचं काम करणाऱ्या ताई खानापूरकडच्या. आमच्यासारखंच मराठी बोलतात, मध्ये कानडी शब्द टाकत. ह्याचा किती फरक पडतो ते सीमाभागात राहणाऱ्यांनाच कळेल. दुखणं मराठीत असतं आणि कागद कानडीत. त्यांना ह्यांनी मटक्याच्या भाषेत 'पत्ती लागली', 'क्लोज फुटला' म्हटलेलं समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच एकदा वहीवर मांडून दाखवलं: मटक्यात दोन आकड्यांच्या जोड्या शंभर, लागते एक, आणि रुपयाला देतात साधारण नव्वद. हे हसले, म्हणाले, "ताई, एवढं मला बारावीपासून येतंय." ताईंनी वही मिटली आणि पुन्हा कधी हिशेब शिकवला नाही. मला ते आवडलं. हिशेब न कळल्यामुळे कुणी खेळत नाही, हे त्यांना एका वाक्यात उमगलं.

चौथ्या बैठकीला यादी केली. सगळी कर्जं कागदावर, कुणाचे किती, कधी घेतले, व्याज काय. त्याला अडीच तास लागले. पतसंस्था 1,80,000. माझं गंठण आणि पाटल्या ठेवून 1,35,000. फौंड्रीतले हातउसने 96,000. भिशी आधीच उचलून पुढचे हप्ते न भरलेले 60,000. फोनवरची पाच छोटी कर्जं मिळून 71,000. आणि गडहिंग्लजच्या माझ्या भावाकडून एक लाख, जे मला माहीतच नव्हते. माझ्या भावानं मला सांगितलं नव्हतं, "ताईला कळलं तर मोडून पडेल" म्हणून. एकूण 6,42,000. ह्यांनी शेवटचा आकडा लिहिला आणि पेन ताईंच्या टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मला वाटलं, आता ताई ह्यांना बोलतील. त्यांनी मला विचारलं, "वहिनी, आजवर तुम्ही किती वेळा फेडलंय?" मी मोजलं. चार वेळा. एकदा माझी भिशी, एकदा कानातले, एकदा माहेरून, एकदा शिलाई मशीनसाठी साठवलेले. प्रत्येक वेळी ह्यांनी शपथ घेतली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सुद्धा, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन महिन्यांत परत. ताई म्हणाल्या, "तुम्ही फेडलं की त्यांची पाटी कोरी होते. कोऱ्या पाटीवर परत मांडता येतं." मला फार राग आला. येताना गाडीत मी संकेश्वरपर्यंत बोलले नाही. संसार वाचवायला अंगावरचं विकलं आणि ही बाई मलाच धरतेय, असं वाटलं. पुढच्या आठवड्यात जायचंच नाही असं ठरवलं होतं. आत्तींनी नेलं. त्या म्हणाल्या, "मी पण फेडलंय, तुला ठाऊक न्हाई." विड्यांच्या मजुरीतून, आमच्या लग्नाआधीपासून, त्यांनीही मटकेवाल्याचं देणं गुपचूप भागवलं होतं. दोघी बायका एकाच घरात, एकमेकींपासून लपवून एकाच माणसाचं फेडत होतो.

त्या दिवसापासून नियम ठरले. कर्ज ह्यांच्या पगारातूनच फिटणार, कितीही वर्षं लागोत, मी आणि आत्ती त्यात एक रुपया घालणार नाही. ज्यांचे देणे आहे त्यांच्याकडे ह्यांनी स्वतः जायचं, महिन्याला किती देता येईल ते तोंडानं सांगायचं. पगार आला की त्याच दिवशी माझ्या खात्यात. ह्यांच्याकडे बटणांचा फोन आणि रोजचे शंभर रुपये. आत्तींच्या खात्याचा नंबर बदलला. आणि माझ्यासाठी नियम असा की खिसे तपासायचे नाहीत, रात्री उठून फोन बघायचा नाही. तो पाळायला मला ह्यांच्या नियमांपेक्षा जास्त जड गेलं.

मुलीचं मला कधीच लक्षात आलं नसतं. पहिल्या वेळी तिला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून बरोबर नेलं होतं. ती बाकावर बसली होती आणि बाबा बाहेर गेले की उठून खिडकीतून बघत होती, ते कुठे जातात. ताईंनी ते टिपलं. नंतर कळलं, तिनं आपला मातीचा गल्ला तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता, आणि बाबांच्या फोनचा पासवर्ड तिला पाठ होता. मीच तिला एकदा म्हटलं होतं, बाबा काय करतात बघ जरा. ताई म्हणाल्या, हे काम तिच्याकडून आज काढून घ्या, आणि काढून घेतलंय असं तिला शब्दांत सांगा. ह्यांनी तिला समोर बसवून सांगितलं की पैशाचं नुकसान मी केलं, आता डॉक्टरांकडे जातोय, तू लक्ष ठेवायचं नाहीस. ती म्हणाली, "मग गल्ला कुठं ठेवू?" गल्ला अजून तांदळाच्या डब्यातच आहे. आम्ही काही म्हणत नाही.

एप्रिल 2025 मध्ये आयपीएल चालू असताना घसरले. कामावरच्या एकाच्या फोनवरून 3,200 रुपये लावले, उसने घेऊन. त्याच संध्याकाळी घरी येऊन चपला न काढता सांगितलं. मी ओरडले नाही असं नाही, ओरडले. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला शोधावं लागलं नव्हतं. केंद्रात ह्यावर एक पूर्ण बैठक झाली. पगाराची दहा तारीख, रात्रपाळी आणि क्रिकेट, या तीन गोष्टी एका दिवशी आल्या होत्या. आता दहा तारखेला रात्रपाळी असेल तर ह्यांचा मित्र, जो बैठकीतलाच आहे, संध्याकाळी फोन करतो.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदीचा कायदा केला तेव्हा मी परत साखर ठेवणार होते. ताईंनी त्या रविवारी सांगितलं की चोरून चालणारी ॲप आणि टपरीवरचा मटका ह्यानं जात नाही, येणं थांबवू नका. त्याच महिन्यात बैठकीतली दोन माणसं रमी बंद झाली म्हणून यायची थांबली. एकाची बायको अजून एकटी येते.

आता तारा का कापला ते. जिना. दुसऱ्या मजल्यावर, उभा, कठडा एकाच बाजूला; आत्तींचे गुडघे दुखतात आणि त्यांच्यासारख्या कितीतरी आया तिथे येतात. फॉर्म फक्त कानडी आणि इंग्रजीत आहेत, तीनदा सांगून झालं. वेळ दहाची देतात आणि अकरा-साडेअकरा होतात, फौंड्रीतून रजा टाकून येणाऱ्याला तो दीड तास महाग पडतो. आणि रविवारच्या बैठकीत बायकांना बोलायला शेवटची वीस मिनिटं मिळतात. ती वाढवावी अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण पुरुष जे लपवतात ते बायकांच्या तोंडून बाहेर येतं.

खर्च: पहिल्या वेळी केसपेपरचे 400, नंतर दर बैठकीला 250, रविवारची बैठक फुकट. सुरुवातीला आठवड्याला, आता महिन्याला एकदा. आजच्या तारखेला आमच्याकडे 3,85,000 देणं शिल्लक आहे. गंठण अजून सोडवलेलं नाही, यादीत ते शेवटून दुसरं आहे. आत्तींचा चष्मा झाला.

जाणार असाल तर निपाणीहून सकाळी लवकरची गाडी धरा, हत्तरगी नाक्यापुढे गर्दी लागते. कर्नाटकाच्या साध्या गाडीत बसलात तर कर्नाटकातल्या बायकांना शक्ती योजनेत तिकीट पडत नाही, आधार कार्ड मात्र ठेवा. महाराष्ट्राच्या एसटीत ते चालत नाही, मी एकदा चुकून बसले होते. पहिल्या दिवशी लेकरांना नेऊ नका. कर्जाचे जेवढे कागद हाताला लागतील तेवढे पिशवीत घाला, आणि बरोबर डबा घ्या, खाली हॉटेल नाही.