बीपीएमएन प्लॅटफॉर्म, त्याची मेमरीची भूक आणि पडद्यावर कुठेच न दिसणारा एक आकडा

आमची बिलमंजुरी, खरेदीच्या मागण्या आणि रजेचे अर्ज ज्या बीपीएमएन प्लॅटफॉर्मवर (कामाचे टप्पे आकृतीच्या रूपात मांडून ते चालवणाऱ्या प्रणालीवर) गेले कित्येक महिने चालतात, त्याचे इंजिन महिनाअखेरीस नेमके गर्दीच्या वेळी बंद पडू लागले नसते, तर हा अनुभव लिहिण्याचे कारण उरले नसते. डिझायनर, फॉर्म आणि कनेक्टर यांची माहिती सर्वांना आहेच आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे भांडण फक्त मेमरीशी आहे.

लक्षण असे होते की कंटेनर (ठरावीक मेमरी देऊन इंजिन ज्यात चालवतो तो बंदिस्त कप्पा) अचानक बंद पडे, मागे १३७ हा एक्झिट कोड (प्रक्रिया कशी संपली ते सांगणारा आकडा) राही आणि लॉगमध्ये मेमरी संपल्याची एकही ओळ नसे. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, अर्थात प्रक्रियेला बाहेरून सिगकिल (ताबडतोब बंद करण्याचा सक्तीचा संकेत) आलेला असतो, त्यामुळे इंजिन ज्या जावावर चालते तिला तक्रार नोंदवण्याचीही संधी मिळत नाही. मदत कक्षाचे पहिले उत्तर होते, रॅम वाढवा आणि वरची योजना घ्या. दुसरे त्याहून वाईट होते: कंटेनरची मर्यादा ४ जीबी असताना हीपची (जावा प्रोग्राम आपला डेटा जिथे ठेवतो त्या मेमरीची) मर्यादाही ४ जीबी करा. मेटास्पेस (क्लासची माहिती), प्रत्येक थ्रेडचा (समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) स्टॅक (६४ बिट लिनक्सवर मुळात १ एमबी), डायरेक्ट बफर आणि नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरची स्वतःची नोंदवही, हे सारे हीपच्या बाहेर राहते. त्यामुळे हा सल्ला पाळल्यास हीप भरण्यापूर्वीच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रक्रिया मारून टाकतो. उलट काहीच सेटिंग केले नाही, तर जावा उपलब्ध मेमरीचा साधारण चौथा हिस्साच हीपसाठी घेते, म्हणजे ४ जीबीपैकी १ जीबी, आणि पैसे मोजून घेतलेली उरलेली मेमरी बहुतांशी पडून राहते. आम्ही मॅक्स रॅम पर्सेंटेज (मेमरीचा किती टक्के वाटा हीपला मिळावा ते सेटिंग) ७० केले आणि मेमरी संपताच हीप डंप (हीपमध्ये त्या क्षणी काय आहे याची फाइल) लिहिला जावा अशी व्यवस्था केली. कंटेनर मरणे थांबले आणि लॉगमध्ये खरीखुरी ‘आउट ऑफ मेमरी’ची चूक दिसू लागली. याला मी प्रगती म्हणतो, कारण तिच्यासोबत पुरावा हाती आला.

तो डंप मेमरी ॲनालायझरमध्ये उघडल्यावर डॉमिनेटर ट्रीच्या (कोणी किती मेमरी अडवून ठेवली ते दाखवणाऱ्या यादीच्या) माथ्यावर इंजिनचा एकही क्लास नव्हता. तिथे होते अवाढव्य बाइट ॲरे, आणि त्यांत आमच्याच बिलांच्या पीडीएफ बेस६४ रूपात (फाइलचे साध्या अक्षरांत केलेले रूपांतर) होत्या. फॉर्मला जोडलेली फाइल हा प्लॅटफॉर्म थेट प्रोसेस व्हेरिएबलमध्ये (प्रत्येक प्रक्रियेसोबत पुढे जाणाऱ्या माहितीच्या खणात) ठेवतो. बेस६४ मुळे आकार एक तृतीयांशाने वाढतो, त्यामुळे १२ एमबीची फाइल १६ एमबीची होते. जेसन (माहिती मजकूर रूपात मांडण्याची पद्धत) वाचताना आणि लिहिताना तिच्या आणखी प्रती बनतात. समांतर मंजुरीसाठी इनपुट मॅपिंगमधून (पुढच्या टप्प्याला माहिती देण्याच्या जोडणीतून) संपूर्ण ऑब्जेक्ट खाली पाठवला, तर प्रत्येक मंजुरीदाराच्या वाट्याला वेगळी प्रत येते. शिवाय इतिहासाची पातळी (किती तपशील नोंदवायचा ते सेटिंग) मुळातच ‘पूर्ण’ असल्याने व्हेरिएबलच्या प्रत्येक बदलाची नोंद डेटाबेसमध्येही साठत जाते. शंभर पानी दस्तऐवज पाठीवर बांधून प्रत्येक टेबलापर्यंत जाणाऱ्या शिपायासारखी या इंजिनची अवस्था आहे. टेबलावर बसलेल्याला खरे तर फक्त फाइल क्रमांक हवा असतो.

म्हणून आमच्या स्क्रिप्टने फाइल वेगळ्या साठवणीत टाकून व्हेरिएबलमध्ये केवळ तिचा क्रमांक ठेवला आणि इतिहासाची पातळी एक पायरी खाली आणली. पार्श्वभूमीतली कामे चालवणाऱ्या जॉब एक्झिक्युटरचे थ्रेडही कमी केले, कारण एकाच वेळी जितके जॉब चालतात तितकी व्हेरिएबल मेमरीत येतात. यातला मोठा फरक पहिल्याच बदलाने पडला आणि बाकीचे दोन किरकोळ ठरले. त्यानंतर महिनाअखेर त्याच ४ जीबीत पार पडू लागली.

इथवरचा मजकूर लिहिला, तेव्हा मी या प्लॅटफॉर्मला जेमतेम उत्तीर्ण ठरवणार होतो. मधल्या काळात आलेल्या आवृत्तीत जोडलेली फाइल बाहेरच्या साठवणीत ठेवून फक्त संदर्भ पुढे नेण्याची सोय कनेक्टरमध्येच मिळाली, त्यामुळे आमची पदरची स्क्रिप्ट काढून टाकता आली. हे काम त्यांनी चोख केले आहे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने ती सोय पहिल्या दिवसापासून वापरावी.

एका गोष्टीवरचा माझा राग मात्र तसूभरही कमी झालेला नाही. चालू प्रक्रियेच्या पडद्यावर व्हेरिएबलचे नाव, प्रकार आणि बदलाची वेळ दिसते, पण त्याचा आकार कुठेच दिसत नाही. शेकडो आलेख असलेल्या डॅशबोर्डवर हीपची रेषा चढताना दिसते, मात्र ती कोणत्या प्रक्रियेमुळे चढते हे कळायला मार्ग नाही. विशिष्ट आकारापुढचे व्हेरिएबल नाकारण्याचे सेटिंगही नाही, त्यामुळे फॉर्म बनवणारा कोणताही सहकारी अजाणता पुन्हा तेच संकट ओढवू शकतो. एक स्तंभ आणि एक मर्यादा, एवढीच ही मागणी आहे, आणि मदत कक्षाकडे ती अजून ‘विचाराधीन’ आहे. तोवर आम्ही रोज रात्री थेट डेटाबेसवर क्वेरी चालवून १ एमबीच्या वरची व्हेरिएबल शोधतो आणि ज्याची प्रक्रिया असेल त्याला सकाळी यादी पाठवतो. वरच्या योजनेचा प्रस्ताव आम्ही परत केला आहे.