भातखंडे की पलुस्कर : गायकाने कोणती स्वरलिपी आधी शिकावी?

पं. विष्णु नारायण भातखंडे आणि पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या या दोन स्वरलिपी, म्हणजे गाणे कागदावर लिहिण्याच्या पद्धती. दोन्ही पद्धती सा रे ग म याच अक्षरांत लिहितात, पण खुणांचे अर्थ वेगळे आहेत. घोळ तिथेच होतो.

स्वरावर बिंदू दिसला तर भातखंडे पद्धतीत तो तार (वरच्या) सप्तकातला आणि पलुस्कर पद्धतीत मंद्रातला (खालच्या सप्तकातला). म्हणजे चुकीच्या समजुतीने वाचलात तर थेट दोन सप्तकांचा फरक! स्वराखालची आडवी रेघ भातखंड्यांकडे कोमल (किंचित उतरलेला) स्वर दाखवते, पलुस्करांकडे एक मात्रा (तालाचे एक माप). तिथे कोमलासाठी स्वराचा पाय मोडतात. ‘म’वरची उभी रेघ भातखंड्यांकडे तीव्र (किंचित चढलेला) मध्यम, पलुस्करांकडे तार सप्तकातला मध्यम. म्हणून वही उघडली की आधी पद्धत ओळखा. तीनतालाखाली (सोळा मात्रांचा ताल) ×, २, ०, ३ असेल तर भातखंडे. १, ५, +, १३ असेल तर पलुस्कर.

लयीच्या नोंदीत पलुस्कर पद्धत जास्त काटेकोर आहे. प्रत्येक स्वराखाली त्याचा काळ लिहिलेला असतो, अर्ध्या मात्रेला शून्य. पण हाताने लिहिताना पान खुणांनी भरून जाते. भातखंडे पद्धतीत एका मात्रेतले स्वर जोडून खाली चंद्रकोर काढली की झाले. स्वर लांबवायचा तर पुढे आडवी रेघ, शब्द लांबवायचा तर अवग्रह (ऽ).

आमच्या मते सुरुवात भातखंडे पद्धतीने करावी. रोज एकाच बंदिशीचा स्थायी (रचनेचा पहिला भाग) हाताने टाळी-खाली (तालातल्या टाळीच्या आणि रिकाम्या जागा) देत स्वरांत म्हणा, मग शब्दांत. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि आंदोलन (स्वर हळुवार झुलवणे) मात्र कोणत्याही कागदावर पुरते उतरत नाही, ते गुरूकडून ऐकूनच घ्यावे लागते.