जुन्या दगड-करवतीची दुरुस्ती : कुपवाडमधील एका वर्कशॉपचे काम

सह्याद्रीच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत सापडणारे अकीक आणि गारगोट्या कापण्यासाठी मी खंभातहून दहा इंची पात्याची एक जुनी करवत घेतली होती. मोटार उत्तम चालत होती, परंतु कापलेली चकती एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला पातळ निघे आणि पाते एका अंगाने घासून तापत असे. एका ठिकाणी केवळ बेअरिंग बदलून घेतल्यावरही दोष तसाच राहिला. अखेर सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका लहान वर्कशॉपने हे यंत्र खऱ्या अर्थाने कामाला लावले.

तेथील मिस्त्रींनी पाना हाती घेण्यापूर्वी डायल गेज (सूक्ष्म फरक काट्यावर दाखवणारे मापयंत्र) लावले, आणि माझा विश्वास तेथेच बसला. हिऱ्याच्या पात्याला दात नसतात. पोलादी चकतीच्या कडेत बसवलेले हिऱ्याचे सूक्ष्म कण दगड झिजवत पुढे जातात, त्यामुळे दगड पात्याच्या पातळीशी किंचितही तिरका सरकला, तरी पातळ पोलादावर कडेने दाब येऊन ते हळूहळू वाटीसारखे वाकते. शाफ्टवरील बेअरिंगची बैठक झिजून सैल झालेली निघाली. तेथे वेल्डिंगचा भर घालून शाफ्ट पुन्हा लेथवर घेता आला असता, पण उष्णतेने बारीक शाफ्ट वाकण्याचा धोका असल्याने त्यांनी ईएन-८ पोलादाचा नवा शाफ्ट तयार केला आणि पाते धरणाऱ्या फ्लँजचे तोंड त्याच शाफ्टवर चढवून काटकोनात घेतले. बेअरिंग ६२०५ क्रमांकाची, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली घातली, कारण पाते थंड ठेवणाऱ्या तेलाच्या तुषारांबरोबर उडणारी दगडाची कच उघड्या बेअरिंगला टिकू देत नाही.

त्यानंतर दगड धरून पात्याकडे नेणाऱ्या शिकंज्याची चाल तपासली. पात्यावर एका जागी खूण करून ती पुढच्या बाजूला आणली, शिकंज्यावर बसवलेल्या गेजचे टोक त्या खुणेला टेकवले. मग पाते हाताने फिरवून तीच खूण मागे नेली आणि शिकंजा सरकवून पुन्हा माप घेतले. खूण एकच असल्याने पात्याचा स्वतःचा बाक या मापात येत नाही, दिसतो तो केवळ शिकंज्याचा तिरकेपणा. सरकपट्टीखाली पातळ पत्र्याच्या शिम घालून दोन्ही मापे जुळेपर्यंत त्यांनी अतिशय सबुरीने काम केले. आता अकिकाची चकती व्हर्नियरने मोजली, तर दोन्ही टोकांना सारखी जाडी मिळते.

मोटारीचे मिनिटाला १४४० फेरे थेट पात्याला मिळत होते. मोटारीवर तीन इंची आणि शाफ्टवर चार इंची पुली बसवल्याने ते सुमारे १०८० झाले. अकिकासारख्या कठीण दगडाला हा वेग मानवतो. गुळगुळीत झालेल्या पात्याने ग्राइंडिंग व्हीलच्या तुकड्यात काही काप घेतल्यावर हिऱ्याचे नवे कण उघडे पडले. अर्थिंग नव्याने केले, स्विच तुषारांपासून दूर हलवला.

काम ठरल्यापेक्षा लांबले, शिवाय टाकीची निचऱ्याची तोटी तळापासून वर राहिल्याने गाळ पूर्ण निघत नाही. ती खाली घेण्यास आधीच सांगावे. झाकणाचा पत्रा मात्र त्यांनी न सांगता नवा करून दिला. ओल्या कापणीतही सिलिकायुक्त तुषार श्वासावाटे आत जाणे घातक असल्याने ते झाकण फार मोलाचे आहे. एकूण खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याहून कमी आला आणि प्रत्येक सुट्या भागाची किंमत बिलावर वेगळी लिहिलेली होती.

टाकीत मी पांढरे खनिज तेल वापरतो. बेसाल्टच्या पोकळ्यांतच मिळणारी जी झिओलाइट खनिजे तेल शोषून डागाळतात, त्यांच्यासाठी टाकी रिकामी करून पाणी घालतो. मात्र काम संपताच पाणी काढून, पाते व शाफ्ट पुसून त्यांवर तेलाचा हात फिरवावा लागतो.