अ‍ॅशव्हिलचं हॉटेल : दोन मुक्काम, एक गोधडी आणि रोजचे ३५ डॉलर

खोल्या किती, पार्किंग कुठे, नाश्ता कसा, हे सगळं इतरांनी लिहून झालंय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातलं अ‍ॅशव्हिल शहर, तिथल्या डाउनटाउनमधल्या जुन्या विटांच्या इमारतीतलं छोटं हॉटेल, एवढं पुरे. नाव देत नाही, कारण बिलावरचं भांडण मिटलंय आणि मला ते उकरून काढायचं नाही. मला बोलायचंय ते पलंगावरच्या गोधडीबद्दल.

पहिला मुक्काम जुलै २०२४ चा. शार्लटहून गाडीने दोन तास. खोलीत शिरले तर पलंगावर हाताने शिवलेली क्विल्ट. नमुना ‘लॉग केबिन’: मधे लाल चौकोन, म्हणजे घरातली चूल, आणि भोवती पट्ट्या, अर्ध्या फिक्या, अर्ध्या गडद. एके ठिकाणी कापड कमी पडलं म्हणून दोन तुकडे जोडून पट्टी पुरी केलेली. ते बघून मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला फोन ठेवायला लावून तो जोड दाखवला. भाड्यावर रोजचे ३५ डॉलर ‘हेरिटेज फी’ होती, तीही त्या भरात मुकाट्याने दिली.

त्या फीत काय मिळतं? सावरवुड नावाच्या झाडाच्या फुलांपासूनच्या मधाची अंगठ्याएवढी बाटली, एक नकाशा, आणि लॉबीत भिंतीवर टांगलेला बँजो, ज्याची एक तार गायब. खरा बँजो बाहेर, फुकट. शनिवारी संध्याकाळी पॅक स्क्वेअरमध्ये उन्हाळ्यात ‘शिंडिग ऑन द ग्रीन’ हा लोकसंगीताचा कार्यक्रम असतो, १९६७ पासून. लोक घरून खुर्च्या घेऊन येतात. स्टेजवर कार्यक्रम चालतोच, पण मजा कडेच्या झाडांखाली असते. तिथे चार-पाच जणांची टोळकी फिडल, बँजो काढून बसलेली, ओळख ना पाळख. सत्तरीचे एक आजोबा फळीवर बूट आपटत क्लॉगिंग हा इथला नाच करत होते, कमरेच्या वर अंग जराही हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ब्लू रिज पार्कवे या डोंगररस्त्यावरच्या फोक आर्ट सेंटरला, म्हणजे लोककलेच्या केंद्राला गेलो, तेही फुकट. तिथलं दुकान फ्रान्सिस गुडरिच नावाच्या मिशनरी बाईंनी सुरू केलेलं, शेजारणीने दिलेली हातमागाची चादर बघून. १९३१ मध्ये त्यांनी ते कारागिरांच्या संघाला देऊन टाकलं. म्हणजे डोंगरातल्या बायकांचं काम बाहेरच्यांनी विकायची पद्धत जुनीच. फक्त गुडरिचबाई गोधडीकडे बघायची फी लावत नव्हत्या.

ऑक्टोबरसाठी, पानगळ बघायला, पुन्हा बुकिंग केलं. २७ सप्टेंबरला हेलीन वादळ आलं आणि नदीकाठचा कलाकारांच्या स्टुडिओंचा भाग, रिव्हर आर्ट्स डिस्ट्रिक्ट, पाण्याखाली गेला. शहराच्या नळाला पिण्याजोगं पाणी यायला ५३ दिवस लागले. हॉटेल म्हणालं, पैसे परत नाहीत, क्रेडिट घ्या, सहा महिन्यांत वापरा. मी तीन मेल पाठवले, तिसरा जरा झोंबराच. लोकांची घरं वाहून गेली होती आणि मी दोन रात्रींच्या भाड्यासाठी भांडत होते, याची लाज मला नंतर वाटली. तेव्हा नाही वाटली.

एप्रिल २०२५ मध्ये क्रेडिट संपायच्या आत गेलो. या वेळी आई होती, नगरहून आलेली. तिला आधी चाय पानीत नेलं. २०२२ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कारांत अमेरिकेतलं सर्वोत्कृष्ट ठरलेलं हे रेस्टॉरंट, आणि मालक मेहेरवान इराणी लहानाचे मोठे झाले ते नगरमध्ये. हे ऐकल्यावर आईने दुसरा वडापाव मागवला आणि तो संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

खोलीत पलंगावर तोच लॉग केबिन. आईने कोपरा उलटा केला, टाक्यांवरून बोट फिरवलं. “अगं, हे मशीनचं. हाताचा धावदोरा इतका सरळ जातो होय? आणि हे तुकडे जोडलेले नाहीत, छापलेत.” खरंच, छापील कापड. जुनी कुठे गेली? लॉबीत, काचेमागे, दिव्याखाली. फी तेवढीच, ३५. रिव्ह्यूत दोन स्टार कापायचे मी तिथल्या तिथे ठरवले.

त्यातला एक मागे घेतला तो खोली साफ करणाऱ्या बाईंमुळे. त्यांनी सांगितलं, दर पाहुण्यामागे क्विल्ट धुवावी लागते. लाँड्रीच्या ड्रायरमध्ये हातचे टाके वर्षभरही टिकत नाहीत, वरून कुणी त्यावर वाइन सांडतं. पटलं. मग वेबसाइटवर अजून ‘प्रत्येक पलंगावर हस्तनिर्मित’ का? हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

आईचं त्यांच्याशी जमलं, मी दुभाषी. त्यांच्या आजीच्या गोधड्या पिठाच्या पोत्यांच्या होत्या. बायका पोत्यांचे कपडे शिवतात हे बघून कंपन्या पोत्यांवर फुलं छापायला लागल्या होत्या. आई म्हणाली, आमच्याकडे नऊवारी, मऊ झालेली. संध्याकाळी बाईंनी कपाटात बाजूला टाकलेली एक जुनी क्विल्ट आणून दिली, कडेची शिवण उसवलेली. आईने पर्समधून सुईदोरा काढला, खिडकीपाशी बसून वीतभर शिवण घातली, दात लावून दोरा तोडला. रात्री आम्ही तीच पांघरली. बाहेर थंडी होती आणि खोलीतला हीटर, जाता जाता सांगते, भयंकर आवाज करतो.

सकाळी चेकआउटला बिलात एक ओळ जास्त : ‘जादा ब्लँकेट, १५ डॉलर’. मी काउंटरवर दहा मिनिटं वाद घातला. शेवटी मॅनेजरने ती ओळ काढली. शिलाईचे पैसे आम्ही मागितले नाहीत.