नॅसॉच्या बंदरात घेतलेली दोन नाणी

पुण्यात तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान चालवण्यात माझी ३० वर्षे गेली, पण दुसऱ्याच्या मालावर त्याच्या तोंडावर शंका घेणे मला कधी जमले नाही. हा भिडस्तपणा गेल्या हिवाळ्यात बहामा बेटांवर महागात पडला. फ्लोरिडाला मुलीकडे गेलो असताना तिने आम्हा दोघांना क्रूझवर नेले आणि नॅसॉला उतरल्यावर बंदराजवळच्या एका लहानशा दुकानात मी नातवंडांसाठी चाच्यांची म्हणून दोन नाणी घेतली, प्रत्येकी १८० डॉलरला.

दुकानदार वयस्कर आणि बोलायला गोड होता. त्याने सांगितले त्यातले बरेचसे खरे होते आणि मेख तिथेच होती. १७१५ च्या जुलैअखेरीस स्पेनची चांदी नेणारी जहाजे वादळात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर फुटली, ती चांदी लुटायला जमलेल्यांपैकी अनेकांनी पुढे नॅसॉत तळ ठोकला आणि १७१८ मध्ये वूड्स रॉजर्स गव्हर्नर म्हणून येईपर्यंत तिथे चाच्यांचीच चलती होती, हे सारे इतिहासात आहे. त्या ओघात त्याने हळूच एक थाप सोडली, की ही आठ रेआलची, म्हणजे स्पेनची जुनी चांदीची नाणी ब्लॅकबिअर्ड नावाच्या चाच्याच्या बुडालेल्या जहाजातली आहेत. ते जहाज १९९६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ सापडले असून त्यातल्या वस्तू त्या राज्याच्या ताब्यात आहेत, हे मी पुण्याला परतल्यावर वाचले. तिथे मात्र शिक्क्याचे प्रमाणपत्र पाहून मी साधी घासाघीसही केली नाही.

घरी दोन्ही नाणी शेजारी ठेवली, तेव्हा नाण्यावरच्या क्रुसाच्या उजवीकडे दोन्हींच्या कडेला तंतोतंत एकच त्रिकोणी खाच दिसली. त्या काळी स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिकोच्या टांकसाळीत चांदीचे तुकडे छाटून त्यांवर हातोड्याने ठसा मारत, त्यामुळे एकाची कड दुसऱ्याशी जुळणे शक्यच नव्हते. तांबट आळीतल्या मठारकामाच्या दोन हंड्यांवरचे ठोके सारखे निघाले तर ते हाताचे काम नव्हे, असे गिऱ्हाइकांना जन्मभर सांगणारा मी ओतीव माल ओळखू शकलो नाही, याची लाज पैशांपेक्षा जास्त वाटली.

ओळखीच्या सराफाने वजन केले. सुमारे २७ ग्रॅम हवे, तिथे काटा १९ वर थांबला. समुद्राच्या पाण्यात चांदी झिजते, अशी मी स्वतःचीच समजूत घालत होतो; त्यावर त्याने काट्यावर पाण्याचा पेला ठेवून नाणे दोऱ्याने पाण्यात लोंबते धरले. काटा २.६ ग्रॅमने वाढला, म्हणजे धातू पाण्याच्या सवासात पट जड. चांदी असती तर साडेदहा पट भरली असती. हा कथलाचा मिश्रधातू, असे तो म्हणाला.

कोणाला असे नाणे घ्यायचेच असेल, तर त्याच दुकानात तसलीच आणखी दोन-तीन मागून कडा ताडून पाहाव्यात आणि प्रमाणपत्राआधी बिल वाचावे. कार्ड कंपनीकडे तक्रार केल्यावर दुकानदाराने माझ्याच सहीच्या बिलाची प्रत पाठवली. त्यात बारीक अक्षरांत लिहिले होते: सजावटीची प्रतिकृती, नग २.